डॉक्टरकीचे कर्ज विशेषशाखा ठरवते का?

निरंजना :

माझी मुलगी अमेरिकेतील एका वैद्यकीय महाविद्यालयात तिसऱ्या वर्षाला आहे. या वर्षात विद्यार्थी प्रत्येक विभागात काही आठवडे काम करतात आणि वर्ष संपेपर्यंत कोणत्या शाखेच्या रेसिडेन्सीसाठी, म्हणजे पदवीनंतर रुग्णालयात पगार घेत करायच्या प्रशिक्षणासाठी, अर्ज करायचा हे त्यांना बहुतेक ठरवावे लागते. प्रवेश मिळाल्या दिवसापासून तिच्या तोंडी बालरोगाखेरीज दुसरे नाव नव्हते. त्या विभागातले काम संपवून ती घरी आली तेव्हा मुलांचे लक्ष वेधण्यासाठी स्टेथोस्कोपला अडकवलेले प्लॅस्टिकचे अस्वल अजून तसेच लोंबत होते, पण जेवताना ती बोलत होती भूलशास्त्राबद्दल. मी कारण विचारल्यावर तिने लॅपटॉप माझ्याकडे वळवला. पडद्यावर तिने स्वतः तयार केलेला तक्ता होता. डावीकडे शाखांची नावे, मधल्या रकान्यांत रेसिडेन्सीची वर्षे आणि अपेक्षित पगार, आणि शेवटच्या रकान्यात कर्ज फिटेल तेव्हाचे तिचे वय.

पदवी हाती येईल तेव्हा तिच्यावर सुमारे २,००,००० डॉलर कर्ज असेल. आम्हाला जमले तेवढे आम्ही आधीच भरले आहे. तिने काय करावे हे मी येथे विचारत नाही, कारण तो निर्णय तिचा आहे. मला एवढेच समजून घ्यायचे आहे की कर्जामुळे तरुण डॉक्टर खरोखर शाखा बदलतात का, की कर्ज हे चारचौघांत सांगायला सोयीचे कारण असते आणि खरी कारणे वेगळीच असतात. शुल्क माफ केले तर प्रश्न सुटतो असेही वाचनात येते. त्यात कितपत तथ्य आहे?

हिशेबनीस :

निरंजनाताई, मी डॉक्टर नाही. करसल्लागार आहे आणि माझ्याकडे येणाऱ्यांत रेसिडेन्सी नुकतीच संपवलेले डॉक्टर बरेच असतात, त्यामुळे तुमच्या मुलीने केला तसा तक्ता मी अनेकांसाठी मांडलेला आहे. अमेरिकेत वैद्यकीय पदवी घेणाऱ्यांपैकी साधारण सत्तर टक्के विद्यार्थी कर्ज घेऊन बाहेर पडतात आणि त्यांच्या कर्जाचा मध्यक दोन लाख डॉलरच्या आसपास आहे. म्हणजे तुमची मुलगी अगदी सरासरीतली आहे.

आता आकडे पाहू. व्याजदर सात टक्के धरला तर दोन लाखांवर वर्षाला १४,००० डॉलर व्याज चढते. पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठीची, शिकत असताना सरकार व्याज भरत असे ती कर्जे जुलै २०१२ पासून बंद झाली, त्यामुळे आता पहिल्या वर्षी कर्जाचे पैसे हाती पडल्यापासूनच व्याज सुरू होते. बालरोगाच्या तीन वर्षांच्या रेसिडेन्सीत काहीच भरले नाही तर दोन लाखांचे २,४२,००० होतात. ते पुढच्या दहा वर्षांत समान हप्त्यांनी फेडायचे म्हटले तर महिन्याला सुमारे २,८०० डॉलर आणि एकूण जवळजवळ ३,३७,००० डॉलर भरावे लागतात. तुमच्या मुलीच्या तक्त्यातला शेवटचा रकाना यातूनच आला असणार.

पण त्या तक्त्यात एक रकाना राहून गेला आहे, असे मला वाटते. बालरोगतज्ज्ञाचा पगार वर्षाला २,२०,००० आणि भूलतज्ज्ञाचा ४,००,००० धरू. हे आकडे केवळ उदाहरणापुरते घेतले आहेत, पण तफावतीचे प्रमाण वास्तवापासून फार दूर नाही. दरवर्षी १,८०,००० चा फरक, म्हणजे तीस वर्षांत करापूर्वी ५४ लाख डॉलर. याच्यापुढे व्याजासकट फेडायचे सव्वातीन-साडेतीन लाख कितीसे? समजा उद्या कोणी तुमच्या मुलीचे सगळे कर्ज फेडून टाकले, तरी ते ५४ लाख जागचे हलत नाहीत. ज्याला केवळ पैशाच्या हिशेबाने शाखा निवडायची आहे तो कर्ज नसतानाही भूलशास्त्राकडेच जाईल. म्हणून मी म्हणतो की कर्जाचा आकडा निर्णयामागचे मुख्य कारण क्वचितच असतो. कर्जामुळे होते ते एवढेच की वयाच्या पंचविसाव्या वर्षी माणूस पगाराचा रकाना पहिल्यांदा नीट वाचतो.

ही तफावत कोठून आली, हेही पाहण्यासारखे आहे. मेडिकेअरने, म्हणजे मुख्यतः वृद्धांसाठीच्या सरकारी आरोग्यविम्याने, १९९२ पासून डॉक्टरांच्या प्रत्येक कामाला सापेक्ष मूल्य देण्याची पद्धत स्वीकारली. कोणत्या कामाचे मूल्य किती असावे याबद्दलच्या शिफारशी अमेरिकन मेडिकल असोसिएशनने १९९१ मध्ये नेमलेली एक समिती करते. तिच्यात विशेषशाखांच्या प्रतिनिधींचे प्राबल्य आहे आणि तिच्या बहुतेक शिफारशी सरकार मान्य करते. खाजगी विमा कंपन्याही बव्हंशी त्याच मूल्यांवर आपले दर बेततात. परिणाम असा की सुई, दुर्बीण किंवा सुरी घेऊन केलेल्या कामाला चांगला दर मिळतो आणि समोर बसून बोलण्या-तपासण्याच्या कामाला कमी. २०२१ मध्ये बाह्यरुग्ण तपासणीचे दर वाढवण्यात आले खरे, पण एकूण खर्च वाढू द्यायचा नाही या अटीमुळे ती वाढ इतरांच्या दरांत काटछाट करून भागवावी लागली आणि त्यावरून बराच गदारोळ झाला. बालरोगाची अडचण दुहेरी आहे. तेथे हाताने करण्याच्या प्रक्रिया कमी, आणि मुलांचा मोठा हिस्सा मेडिकेडवर, म्हणजे कमी उत्पन्नाच्या कुटुंबांसाठीच्या सरकारी विम्यावर. मेडिकेडचे दर बहुतेक राज्यांत मेडिकेअरपेक्षाही खाली असतात.

तेव्हा शुल्क माफ करून शाखांचा तोल सावरेल, या कल्पनेवर माझा फारसा विश्वास नाही. न्यूयॉर्क विद्यापीठाने ऑगस्ट २०१८ मध्ये सर्व वैद्यकीय विद्यार्थ्यांचे शुल्क माफ केले. २०२४ मध्ये अल्बर्ट आइन्स्टाइन महाविद्यालयाला रूथ गॉट्समन यांनी शंभर कोटी डॉलर दिले आणि तेथेही शुल्क संपले. त्याच वर्षी मायकेल ब्लूमबर्ग यांच्या तेवढ्याच देणगीतून जॉन्स हॉपकिन्सने ज्यांच्या कुटुंबाचे उत्पन्न तीन लाखांहून कमी आहे अशा विद्यार्थ्यांचे शुल्क माफ केले. देणगीदारांबद्दल आदर आहेच. परंतु शुल्क माफ झाले की अर्जांचा पूर येतो, चढाओढ वाढते, आणि चढाओढीत पुढे राहतात ती बहुधा ज्यांना कर्जाची फारशी फिकीर नव्हती त्याच घरांतली मुले. त्यांनी पुढे गावोगावचे कुटुंबवैद्य व्हावे अशी अपेक्षा कशाच्या आधारावर करायची?

स्पष्टवक्ता :

ज्यांना पुढे सामान्य नोकरदाराच्या चौपट-पाचपट पगार मिळणार आहे त्यांच्या कर्जाची एवढी चिंता कशाला, हे मला कळत नाही. सर्वांत कमी कमावणारा बालरोगतज्ज्ञही बाकीच्या ऋणकोंच्या तुलनेत श्रीमंतच म्हटला पाहिजे.

रात्रपाळी :

स्पष्टवक्ते, पगाराबद्दल आपले म्हणणे चूक नाही. पण तो पगार मिळायला लागतो तेव्हा निर्णय घेऊन तीन ते सात वर्षे उलटलेली असतात. शाखा निवडणारा माणूस त्या दिवशी कर्जदार असतो, श्रीमंत नसतो.

हिशेबनीसांचे गणित बिनचूक आहे आणि तरीही मला ते अपुरे वाटते. मी रुग्णालयात अंतर्गत वैद्यकशास्त्राचा डॉक्टर म्हणून बहुतेक रात्रीच काम करतो. माझे शिक्षण येथेच कर्ज काढून झाले. रेसिडेन्सीच्या दुसऱ्या वर्षीची एक रात्र मला अजून आठवते. पहाटे तीनच्या सुमारास नव्या रुग्णांची रांग ओसरली होती. माझी सहकारी संगणकासमोर बसून कर्जवसुली करणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावर आपले खाते पाहत होती. उत्पन्नाच्या प्रमाणात ठरलेला साडेतीनशे डॉलरचा हप्ता ती दर महिन्याला न चुकता भरत होती, आणि तरीही दीड वर्षापूर्वी होती त्यापेक्षा शिल्लक रक्कम वीस हजारांनी जास्त दिसत होती. तिने मला बोलावून ते दाखवले आणि विचारले, "मी भरते आहे ते नेमके जाते कोठे?" उत्तर दोघांनाही ठाऊक होते. हप्ता व्याजाच्या निम्म्यालाही पुरत नव्हता. तिला संसर्गजन्य रोगांची फेलोशिप, म्हणजे रेसिडेन्सीनंतरचे उपशाखेचे प्रशिक्षण, करायची होती. ती शाखा दोन वर्षे आणखी शिकवते आणि शिकल्यानंतर पगार साध्या रुग्णालयीन डॉक्टरपेक्षा बऱ्याचदा कमीच देते. त्या हिवाळ्यात तिने फेलोशिपचा अर्ज भरून ठेवला होता, पण पाठवला नाही. आज ती माझ्यासारखीच रुग्णालयीन डॉक्टर आहे.

मला सांगायचे आहे ते हे. बालरोग की भूलशास्त्र, औषधोपचार की शस्त्रक्रिया, अशा मोठ्या निवडीत कर्जाचा प्रभाव आपण समजतो तितका नसतो. या विषयावरील अभ्यासांचे निष्कर्षही एकमेकांशी जुळत नाहीत. विद्यार्थी कोठे वाढला, त्याला कोणते शिक्षक भेटले, त्याला कसले आयुष्य हवे आहे, या गोष्टींचा जोर तेथे अधिक दिसतो. कर्जाचा खरा दात लागतो तो दुसऱ्या फाट्यावर, म्हणजे रेसिडेन्सी संपल्यावर आणखी शिकायचे की कमवायला लागायचे तेथे. वृद्धांचे वैद्यक, संसर्गजन्य रोग, मुलांमधील अंतःस्रावी विकार, मुलांचे संधिविकार, या शाखांत दोन-तीन वर्षे अधिक घालवून माणूस कमी कमावतो किंवा फार तर तेवढेच कमावतो. चोपन्न लाखांची तफावत डोळ्यांपुढे असूनही मनापासून बालरोगात आलेला माणूस या ठिकाणी मात्र थबकतो, कारण सहा वर्षे त्याने व्याज वाढताना पाहिलेले असते. मुलांच्या काही उपशाखांत फेलोशिपच्या जागा वर्षानुवर्षे रिकाम्या राहतात त्यामागे हे एक कारण आहेच. सरकारलाही ते पटलेले दिसते. मुलांच्या उपशाखांतील डॉक्टरांनी डॉक्टरांची वाण असलेल्या भागात तीन वर्षे सेवा दिल्यास एक लाख डॉलरपर्यंत कर्ज फेडून देण्याची योजना २०१० च्या आरोग्य कायद्यात होती. तिला प्रत्यक्ष पैसे मिळायला मात्र एका तपाहून अधिक काळ गेला.

आणखी एक गोष्ट तक्त्यात कधीच येत नाही. पैशाची ओढाताण विद्यार्थ्याला नेहमी जास्त पगाराच्या शाखेकडेच ढकलते असे नाही. त्वचारोग, अस्थिशल्य किंवा मेंदूशल्य या भरपूर पगाराच्या शाखांत शिरकाव व्हावा म्हणून कित्येक जण वर्षभर संशोधनात घालवतात, परगावच्या रुग्णालयांत महिना महिना स्वखर्चाने राहून काम करतात, आणि साठ-सत्तर ठिकाणी पैसे भरून अर्ज करतात. डॉक्टरांच्या परवान्यासाठीच्या परीक्षेचा पहिला टप्पा (स्टेप १) २०२२ पासून केवळ उत्तीर्ण-अनुत्तीर्ण झाल्यामुळे गुणांच्या जोरावर पुढे जाण्याची एक वाट बुजली आणि शोधनिबंधांचे वजन आणखी वाढले. ज्याच्या राहण्याचे भाडे घरचे भरतात त्याला हे परवडते. माझ्या वर्गातला एक अतिशय हुशार मुलगा कर्ज आणखी वाढू नये म्हणून संशोधनाच्या वर्षाला नाही म्हणाला आणि अस्थिशल्याचा नाद सोडून कुटुंबवैद्यकाकडे वळला. कर्जामुळे प्राथमिक सेवेला डॉक्टर मिळाला असे म्हणायचे, तर हे त्याचे उदाहरण. मात्र हे फार समाधानाने सांगावे असे मला वाटत नाही.

हिशेबनीस :

रात्रपाळी यांचा दुसऱ्या फाट्याचा मुद्दा मला मान्य आहे. माझ्या गणितात तो सुटला होता. मात्र नेमक्या त्याच फाट्यावर उपयोगी पडणारी एक तरतूद आहे, आणि निरंजनाताईंच्या मुलीच्या तक्त्यात ती नसावी असा माझा अंदाज आहे.

२००७ च्या कायद्याने सार्वजनिक सेवेतील कर्जमाफी सुरू झाली. सरकारी किंवा ना-नफा संस्थेत पूर्णवेळ काम करत पात्र योजनेखाली १२० मासिक हप्ते भरले की उरलेले केंद्रीय कर्ज माफ होते आणि त्या माफीवर केंद्रीय आयकर लागत नाही. शिकवणारी रुग्णालये आणि मुलांची रुग्णालये बहुतांशी ना-नफा असतात, त्यामुळे रेसिडेन्सी आणि फेलोशिपचे हप्तेही मोजले जातात. म्हणजे बालरोगाची तीन वर्षे आणि उपशाखेची तीन, अशी सहा वर्षे साडेतीनशे-चारशेचा हप्ता भरला की १२० पैकी ७२ हप्ते झाले. पुढे मुलांच्या रुग्णालयात चार वर्षे काढली की पाटी कोरी. प्रशिक्षण जितके लांब आणि पगार जितका कमी, तितकी माफी मोठी. याउलट भूलतज्ज्ञ, तातडीचे वैद्यक किंवा क्ष-किरणशास्त्र यांत बरेच डॉक्टर रुग्णालयाचे नोकर नसून खाजगी गटाकडून येतात आणि तेथे ही माफी सहसा मिळत नाही. तुमच्या मुलीने ही माफी धरून शेवटचा रकाना पुन्हा काढला तर बालरोगासमोरचे वय कदाचित भूलशास्त्रासमोरच्या वयापेक्षाही कमी येईल.

रात्रपाळी :

कागदावर हे असेच आहे. पण माझ्या सहकारिणीने फेलोशिपचा अर्ज पाठवला नाही तेव्हा तिला ही योजना ठाऊक नव्हती असे नाही. २०१७ मध्ये दहा वर्षे पूर्ण झालेल्यांनी पहिले अर्ज केले आणि त्यांतले जवळजवळ सगळे फेटाळले गेले. कोणाची परतफेडीची योजना चुकीची होती, कोणाचे कर्ज चुकीच्या प्रकारचे होते. पुढे नियम सैल झाले आणि असंख्य लोकांची माफी मंजूरही झाली, हे खरे आहे. पण सरकार दहा वर्षांनंतरही शब्द पाळेल यावर तिला आपल्या पुढच्या वर्षांची पैज लावायची नव्हती, आणि तिला भित्री म्हणणे मला जमत नाही. ज्याच्या पाठीशी घरचे आहेत तो ही पैज सहज लावतो.

पैलतीर :

मी वैद्यकीय पदवी अमेरिकेबाहेर, नाममात्र शुल्कात घेतली. त्यामुळे या धाग्यात ज्या कर्जाची चर्चा चालली आहे ते माझ्यावर कधीच नव्हते, आणि तरी मी कुटुंबवैद्यकात आहे. निरंजनाताईंच्या प्रश्नाला माझे उत्तर थोडे आडवळणाचे वाटेल. कर्ज नसलेल्या डॉक्टरांचा एक मोठा गट या देशात आहेच, तो म्हणजे आम्ही. आम्ही काय निवडतो? अंतर्गत वैद्यकशास्त्र आणि कुटुंबवैद्यक यांच्या ज्या जागा येथील पदवीधर सोडून देतात, त्यांवर आम्ही फार मोठ्या संख्येने दिसतो. याचा अर्थ कर्ज नसले की माणूस प्राथमिक सेवेकडे ओढला जातो असा कोणी काढू नये. त्वचारोगाची जागा आम्हाला कोण देतो? आणि ज्यांचा व्हिसा रेसिडेन्सीनंतर दोन वर्षे मायदेशी परतण्याची अट घालतो, त्यांना ती अट माफ व्हावी म्हणून डॉक्टरांची टंचाई असलेल्या भागात तीन वर्षे काम करावे लागते. १९९४ पासूनच्या या योजनेत प्रत्येक राज्याला वर्षाला तीस जागा मिळतात. मी जेथे आलो ते गाव नकाशावर शोधावे लागते. तीन वर्षे संपून बराच काळ लोटला आणि मी अजून येथेच आहे, पण येथे आलो तो स्वेच्छेने नव्हे. कर्जाच्या जागी व्हिसा होता, एवढाच फरक.

एक गोष्ट मात्र तातडीने सांगाविशी वाटते. जुलै २०२५ च्या कायद्याने पदव्युत्तर विद्यार्थ्यांना पूर्ण खर्चाइतके मिळणारे केंद्रीय ग्रॅड प्लस कर्ज १ जुलै २०२६ पासून नव्या कर्जदारांसाठी बंद केले. वैद्यकीय विद्यार्थ्यांना आता वर्षाला ५०,००० आणि एकूण २,००,००० डॉलर एवढेच केंद्रीय कर्ज मिळू शकेल. आधीपासून शिकत असलेल्यांना आपला अभ्यासक्रम पुरा करण्यासाठी सवलत ठेवली आहे, त्यामुळे तुमच्या मुलीला याची झळ बहुधा लागणार नाही. पण तिच्या मागून येणाऱ्यांना वरचा खर्च खाजगी बँकेकडून भागवावा लागेल. त्या कर्जाला उत्पन्नाच्या प्रमाणात हप्ता नसतो, सार्वजनिक सेवेची माफी नसते, आणि बहुतेक वेळा जामीनदार लागतो. कर्जाची रक्कम तेवढीच राहिली तरी हिशेबनीसांनी सांगितलेली वाट त्या भागापुरती बंद होईल. कर्जामुळे शाखा बदलणारे डॉक्टर पाहायचे असतील तर ते त्या तुकड्यांत पाहावे लागतील.

हिशेबनीस :

पैलतीर यांनी सांगितलेला फरक फार महत्त्वाचा आहे. किती कर्ज आहे यापेक्षा ते कोणाचे आणि कोणत्या अटींवर आहे, हे मी माझ्या पहिल्याच उत्तरात विचारायला हवे होते. निरंजनाताई, मुलीचे सगळे कर्ज केंद्रीय आहे ना?

निरंजना :

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री मुलीला हा धागा वाचायला दिला. कर्ज सगळे केंद्रीय आहे. माफीची योजना तिला ऐकून ठाऊक होती, पण "ती माझ्यापर्यंत टिकेल असे कोणी धरत नाही" असे तिचे म्हणणे पडले, म्हणजे रात्रपाळी यांच्या सहकारिणीचेच. तरीही तिने तक्त्यात एक रकाना वाढवला आणि बालरोगासमोर दोन वये लिहिली, एक माफी मिळाली तर आणि एक न मिळाली तर. दोहोंत सात वर्षांचे अंतर आहे.

मग मी तिला हिशेबनीसांचा प्रश्न विचारला, की समजा आज कोणी सगळे कर्ज फेडले तर काय करशील. ती बराच वेळ गप्प राहिली. नंतर म्हणाली की भूलशास्त्राच्या विभागात तिला खरेच आवडले होते, संध्याकाळी काम संपायचे तेव्हा ते संपलेले असायचे, आणि हे मला सांगायला तिला जड जात होते म्हणून तिने तक्ता पुढे केला होता. पुढच्या महिन्यात तिने मुलांच्या अतिदक्षता विभागात दोन आठवडे मागून घेतले आहेत. तेथे दोन्ही शाखांचे डॉक्टर असतात, असे ती म्हणाली.